निर्जंतुकीकरणाचा अभ्यासक्रम: सगळा निधी मशिनवर घालवू नका

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या एका व्यवसाय शिक्षण संस्थेत मी निदेशक आहे. दहावीनंतरचा एक वर्षाचा निर्जंतुकीकरण सहायकाचा अभ्यासक्रम शिकवतो. वीस मुलं-मुली असतात. आमच्याकडे एक उभा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं मशिन), कापड आणि उपकरणं भरायचे चार ड्रम आणि उपकरणं उकळायचं एक भांडं आहे. अभ्यासक्रम जुना आहे, फॉर्मेलिनच्या गोळ्या अजून त्यात आहेत. प्रात्यक्षिकासाठी मुलं ज्या रुग्णालयांत जातात तिथून एकच तक्रार येते : ‘पाकिटावरच्या टेपवर काळ्या रेघा आल्या की झालं, एवढंच यांना ठाऊक.’ यंदा थोडा निधी मिळतोय. प्राचार्यांच्या मते व्हॅक्यूमचा मोठा ऑटोक्लेव्ह घ्यावा. शिवाय एका रुग्णालयाने त्यांच्या मावश्या आणि मामांनाही, म्हणजे जुन्या मदतनिसांनाही, शिकवाल का, असं विचारलंय. काय घ्यावं, काय गाळावं, आणि वयाने मोठ्या माणसांना कसं शिकवावं?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

मोठा ऑटोक्लेव्ह घेऊ नका. व्हॅक्यूमच्या मशिनला वाफेचा किंवा थ्री-फेज विजेचा भक्कम पुरवठा लागतो, मऊ केलेलं किंवा आरओचं पाणी लागतं, दरवर्षी देखभालीचा करार आणि कॅलिब्रेशन लागतं. हे सगळं करूनही त्यात घालायला तुमच्याकडे रोजचा लोड, म्हणजे एका फेरीचा माल, नाही. दोन वर्षांत दाराचं गॅस्केट कडक होईल, व्हॅक्यूम पंप बसेल आणि मशिनवर चादर पडेल. ते मशिन मुलांना रुग्णालयात दिसणारच आहे. रुग्णालय जे देऊ शकत नाही ते संस्थेने द्यावं, म्हणजे मुद्दाम चुका करून पाहायची जागा. तिथे चुकलेल्या ट्रेची किंमत रुग्ण मोजतो, तुमच्याकडे फार तर एक पाऊच वाया जातो.

रुग्णालयाची तक्रार खरी आहे, फक्त तिचं मूळ टेपच्या धड्यात नाही. बटण दाबणं चार दिवसांत येतं. समोरचा लोड सोडायचा की अडवायचा, हे ठरवता येणं हे या कामाचं मर्म आहे आणि जुन्या अभ्यासक्रमात त्याला एकही तासिका नाही. म्हणून प्रात्यक्षिकाचे तास नव्याने वाटा. दर १०० तासांतले निदान ४० तास धुणं आणि तपासणीला द्या, २० पॅकिंगला, २० वाफ आणि तिच्या पुराव्याला, उरलेले नोंदी, साठवण, रसायनं आणि स्वतःच्या सुरक्षिततेला. धुण्याला ४० म्हटल्यावर भुवया उंचावतील. उंचावू द्या. घाणीच्या थराखाली वाफ पोचत नाही, त्यामुळे न धुतलेलं उपकरण ऑटोक्लेव्हमधून निर्जंतुक होऊन येईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

धुण्याच्या धड्यात आधी एक जुनी सवय मोडावी लागेल. शस्त्रक्रिया संपली की उपकरणं ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात १० मिनिटं बुडवायची, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने धुण्याआधी असं बुडवून ठेवू नका, असं स्पष्ट म्हटलंय. रक्तामुळे क्लोरीनचा जोर संपतो, स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि आता हे सुरक्षित झालं असं वाटून लोक पातळ हातमोज्यांनी ते हाताळतात. सलाइनमध्ये ठेवणंही याच कारणाने चूक, त्यातला क्लोराइड स्टील खातो. त्याऐवजी ओटीतच, म्हणजे शस्त्रक्रियागृहातच, ओल्या कापडाने पुसायचं, ओलसर टॉवेलखाली किंवा फवाऱ्याच्या द्रावणाने ओलं ठेवायचं आणि झाकणाच्या, न गळणाऱ्या डब्यातून खाली आणायचं. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण जैववैद्यकीय कचऱ्याच्या तासाला त्यांनी हायपोक्लोराइट शिकलेलं असतं. ते फेकायच्या वस्तूंसाठी, हे पुन्हा वापरायच्या. फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

मग अंड्याचा प्रयोग. सहा आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी दाबून धरायचे चिमटे) घ्या, प्रत्येकाच्या सांध्यात आणि दातांत अंड्याचा बलक भरा. दोन लगेच कोमट पाण्यात एन्झाइमच्या द्रावणाने धुवा. दोन तीन तास उघड्या वाळू द्या, मग तसेच धुवा. उरलेल्या दोनांवर आधी उकळतं पाणी ओता, मग धुवा. तिन्ही जोड्या दहापट भिंगाखाली बघा. प्रथिनं उष्णतेने गोठून धातूला चिकटतात, म्हणून पहिलं पाणी गार किंवा कोमटच हवं आणि एन्झाइमचं द्रावण साधारण ४५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. तिसऱ्या जोडीचा सांधा एकदा पाहिला की पुरे.

मात्रेचा घोळ सगळीकडे आहे. एन्झाइम ‘झाकणभर’ टाकायचं असतं, अशी समजूत आहे. बाटलीवर लिटरला ५ मिली असेल तर १० लिटरला ५० मिली, पण सिंकमध्ये १० लिटर कुठवर येतं हे कुणालाच माहीत नसतं. पहिल्याच दिवशी मोजपात्राने पाणी भरून सिंकच्या आतल्या बाजूला कायमची खूण करा. जास्त टाकलं तर फेस होतो, फेसाखाली उपकरण दिसत नाही आणि विसळताना ते निघत नाही. कमी टाकलं तर वेळ वाया. द्रावण गढूळ झालं की बदलायचं, सकाळचं संध्याकाळपर्यंत चालवायचं नाही. उपकरणाचे सांधे उघडे, सुटे होणारे भाग सुटे. लॅप्रोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या, फोर्सेप्सचे बहुतेक तीन भाग होतात : मूठ, बाहेरची नळी आणि आतला दांडा. तीनही भाग वेगळे न करता धुतलेली नळी आतून काळी असते. ब्रश नळीच्या व्यासाला किंचित घट्ट बसणारा हवा, ब्रश पाण्याखालीच फिरवायचा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, आणि तारेचा ब्रश कधीच नाही.

अल्ट्रासोनिकचं, म्हणजे ध्वनिलहरींनी उपकरणं साफ करायचं, लहान भांडं चष्म्याच्या दुकानात असतं तेवढंही शिकवायला चालतं. ताजं द्रावण भरल्यावर आधी पाच-दहा मिनिटं रिकामं चालवून त्यातली विरघळलेली हवा घालवायची, मग स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी वीसेक सेकंद धरायची. पट्टीवर सगळीकडे सारखे बारीक टोचे उठले तर भांडं नीट चालतंय. एका बाजूला कोरी राहिली तर तिकडचा लहरी निर्माण करणारा भाग (ट्रान्सड्यूसर) गेलाय. झाकण लावूनच चालवायचं आणि चालू असताना हात आत घालायचा नाही.

तुमच्या भागात बोअरचं पाणी जड. वाळल्यावर पांढरे डाग, ऑटोक्लेव्हच्या हीटरवर खरपूड, आणि क्लोराइड जास्त असेल तर गंज. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर स्वस्त आहे. मुलांना नळाचं, बोअरचं आणि आरओचं पाणी मोजू द्या. शेवटचं विसळणं आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने, हा नियम त्यातून येतो. डोळ्यांच्या सेटच्या बाबतीत हे आणखी कडक आहे. डिटर्जंटचा अंश किंवा मेलेल्या जिवाणूंचं विष आत राहिलं तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर १२ ते ४८ तासांत डोळा लाल होऊन दिसणं कमी होतं, आणि तपासणीत एकही जिवाणू सापडत नाही. जिवाणूंचं ते विष ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने जात नाही. म्हणून हे सेट वेगळे धुवायचे आणि भरपूर शुद्ध पाण्याने विसळायचे.

आता वाफ. तुमचा उभा ऑटोक्लेव्ह यासाठी सोन्यासारखा आहे, विकू नका. वाफेत हवा मिसळलेली असेल तर काट्यावरचा दाब खोटं बोलतो. १५ पौंड दाबाला सगळी हवा निघालेली असेल तर १२१ अंश मिळतात, अर्धीच निघाली असेल तर सुमारे ११२, आणि मुळीच निघाली नसेल तर जेमतेम १००. कुकरला वाफ येऊ लागल्यावरच शिटी लावतात, त्यातलंच हे. प्रयोग असा करा. ड्रममध्ये नेहमीसारखं कापड भरून मधोमध टाइप ५ चा इंटिग्रेटर (वाफ, तापमान आणि वेळ तिन्ही पुरेसे मिळाले का ते दाखवणारी पट्टी) ठेवा, ड्रमवर टेप लावा. पहिल्या फेरीत हवा सोडायची तोटी वाफेचा सलग, जोरदार झोत येईपर्यंत आणि त्यानंतरही काही मिनिटं उघडी ठेवा. दुसऱ्या फेरीत ती लवकर बंद करा. दोन्ही वेळा दाब १५ पौंड, वेळ तीच. दोन्ही ड्रमवरची टेप काळी होईल, पण दुसऱ्या ड्रममधला इंटिग्रेटर बहुधा रेषेपर्यंत पोचणार नाही. टेपबद्दलची तक्रार या दोन फेऱ्यांत मिटते. तिसरी फेरी ड्रम खच्चून भरून करा. मात्र आधी सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घ्या आणि तोट्या तुम्ही स्वतःच फिरवा.

तोंडी परीक्षेला एक प्रश्न जरूर विचारा : महाबळेश्वरला १५ पौंड दाबाला किती तापमान मिळेल? काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो आणि साडेतेराशे मीटर उंचीवर बाहेरचा दाबच कमी, म्हणून तिथे सुमारे ११८. तापमान बघायचं, दाब ताडून घ्यायला, हे त्यातून कळतं.

इंडिकेटरांचे, म्हणजे रंग बदलणाऱ्या टेप-पट्ट्यांचे, सहा टाइप पाठ करून घेऊ नका, कुठल्याने काय ठरवता येतं ते शिकवा. जुन्या पुस्तकांत त्यांना क्लास म्हटलंय, २०१४ पासून टाइप म्हणतात, एवढं सांगितलं की पुरे. टाइप १ म्हणजे टेप. पाकीट मशिनमधून गेलं की नाही, एवढंच ती सांगते. टाइप २ म्हणजे बोवी-डिक, व्हॅक्यूमच्या मशिनमधून हवा नीट निघते का ते पाहणारा कागद. टाइप ४, ५ आणि ६ पाकिटाच्या आत, वाफ पोचायला सगळ्यांत अवघड अशा जागी. स्पोअरची (जिवाणूंच्या चिवट, सुप्त रूपाची) व्हायल वेगळीच गोष्ट, ती प्रत्यक्ष जिवाणू मेले का ते दाखवते.

बोवी-डिक चाचणी बोवी आणि डिक यांनी १९६३ मध्ये मांडली आणि आजही दिवसाची सुरुवात तिनेच होते. मशिन गरम झाल्यावर, पहिल्या लोडआधी, रिकाम्या चेंबरमध्ये खाली ड्रेनच्या वर एकच पॅक, १३४ अंशांना साडेतीन मिनिटांपर्यंत. ‘जास्त वेळ ठेवलं तर काय बिघडतं’, असं मुलं विचारतात. बिघडतं, कारण वेळ वाढवला की मधे अडकलेल्या हवेच्या जागीही रंग हळूहळू बदलतो आणि दोष झाकला जातो. कागदाचा मधला भाग फिका राहिला तर हवा पूर्ण निघालेली नाही किंवा कुठून तरी आत येतेय. मग लीक टेस्ट. दर मिनिटाला १.३ मिलीबारपेक्षा जास्त गळती असेल तर मशिन बंद आणि बायोमेडिकल इंजिनिअरला फोन. गॅस्केट पुसून पुन्हा एकदा लावून बघू, हा उपाय नव्हे.

यासाठी तुम्हाला मशिन लागत नाही, कागद लागतात. जवळच्या दोन-तीन रुग्णालयांना पत्र द्या आणि वापरून झालेले बोवी-डिकचे कागद, मशिनच्या प्रत्येक फेरीच्या (सायकलच्या) प्रिंटांच्या प्रती मागा. पास झालेल्यांइतकेच नापासही हवेत. रुग्णालयाचं नाव आणि रुग्णाची माहिती झाकून त्यांच्या फायली करा. मग मुलांपुढे दहा प्रिंट ठेवा, त्यातल्या चारांत दोष. एकात तापमान मधेच १३३.४ वर उतरलंय. एकात व्हॅक्यूम ठरलेल्या आकड्यापर्यंत गेलाच नाही. एकात वाळवण्याचा वेळ अर्धाच. चौथ्यात सगळं ठीक, फक्त लोड क्रमांक रजिस्टरशी जुळत नाही. प्रत्येकाखाली एकच शब्द लिहायचा, ‘सोडला’ किंवा ‘अडवला’, आणि खाली एका ओळीत कारण. वार्षिक परीक्षेतही हेच ठेवा. ‘निर्जंतुकीकरणाचे प्रकार सविस्तर लिहा’ हा प्रश्न काढून टाकला तरी चालेल.

स्पोअर चाचणीत मुलं नियंत्रणाची व्हायल विसरतात. वाफेसाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, ५५ ते ६० अंशांना उबवायचा. त्याच लॉटची दुसरी व्हायल मशिनमध्ये न घालता शेजारी उबवायची. मशिनमधली वाढली नाही आणि बाहेरची वाढली, तरच निकाल ग्राह्य. बाहेरचीही वाढली नाही तर व्हायल मेलेल्याच होत्या किंवा इनक्युबेटर थंड होता, निकाल शून्य. ही चाचणी आठवड्यातून निदान एकदा, रोज केली तर उत्तम, आणि इम्प्लांटच्या (शरीरात बसवायच्या वस्तूंच्या) प्रत्येक लोडबरोबर. इम्प्लांटचा लोड निकालाआधी सोडायचा नाही. आता तासाभरात वाचता येणाऱ्या व्हायली मिळतात, त्यामुळे ‘वेळ नाही’ ही सबब उरलेली नाही. चाचणी नापास झाली तर? मशिन थांबवा, शेवटच्या चांगल्या निकालानंतरचे सगळे लोड रजिस्टरमधून काढा, पाकिटं परत मागवा, संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरना आणि वापरलेल्या पाकिटांच्या डॉक्टरांना कळवा. वर्गात याचा सराव घ्या. रजिस्टर द्या, घड्याळ लावा, अर्ध्या तासात कुठलं पाकीट कुठे गेलं ते शोधायला सांगा. पहिल्यांदा कुणालाच जमत नाही, कारण लेबलवर मशिन क्रमांक, लोड क्रमांक, तारीख आणि पॅक करणाऱ्याची सही ही चार घरं का असतात हे तोवर कळलेलंच नसतं.

पॅकिंगवर थोडक्यात. पाऊच तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरायचा नाही, उपकरण आणि सील यांत तीनेक सेंटिमीटर अंतर, सील निदान ६ मिलीमीटर रुंद आणि विनासुरकुती. लिहायचं ते प्लास्टिकच्या कडेला किंवा लेबलवर. कागदावर बॉलपेन टेकवलं की भोक पडायची भीती. टोकदार उपकरणाला टोपी, पण वाफ जाईल अशी. दोन पाऊच वापरायचे तर आतला दुमडायचा नाही आणि कागदावर कागद येऊ द्यायचा. टोपलीत पाऊच उभे, वाडगे कडेवर. सेटचं वजन युरोपात १० किलोच्या आसपास आणि अमेरिकेत ११.३ किलोपर्यंत धरतात. तुम्ही वजनकाटा ठेवा आणि १० शिकवा. त्याहून जड सेट ओला निघतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. ओल्या सेटची बाकीची कारणं अशी : चेंबर खच्चून भरणं, वाफेतच पाणी असणं, ड्रेनची जाळी तुंबणं, गरम ट्रे काढून लगेच गार स्टीलच्या ओट्यावर ठेवणं. ओला निघालेला सेट पंख्याखाली वाळवून चालत नाही. उघडायचा आणि पुन्हा पॅकिंगपासून सुरू करायचं. ड्रम अजून लहान रुग्णालयांत आहेत, म्हणून शिकवावे लागतील, पण एकच गोष्ट ठसवा. बाजूच्या झडपा आत जाताना उघड्या आणि बाहेर आल्याबरोबर बंद. झडप उघडी राहिलेला ड्रम गेला, त्यावर चर्चा नाही.

फॉर्मेलिनच्या गोळ्यांचा धडा काढून टाका. गोळ्यांच्या डब्यात आर्द्रता, तापमान, वेळ यांपैकी काहीच आवाक्यात नसतं आणि फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. उकळण्याच्या भांड्याचंही तेच. उकळून स्पोअर मरत नाहीत, तेवढं सांगायला ते ठेवा. ग्लुटराल्डिहाइड (सायडेक्स या नावाने मिळणारं जंतुनाशक द्रावण) मात्र नीट शिकवा, कारण ओटीत ‘सायडेक्समध्ये टाक’ हे वाक्य रोज ऐकू येतं. त्यातली २० मिनिटं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, फक्त त्याच्या अलीकडची पायरी, वरच्या पातळीचं जंतुनाशन. स्पोअर मारायला १० तास लागतात. पट्टीने ताकद न तपासता १४ दिवस वापरायचं नाही. भारतात लॅप्रोस्कोपीनंतर पोटावरच्या भोकांत हट्टी गाठी आणि पू होण्याचे प्रकार वारंवार नोंदले गेले आहेत. त्यांमागे पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरिया असतात, आणि बोट जातं ते नीट न सोडवलेल्या उपकरणांकडे, कमजोर ग्लुटराल्डिहाइडकडे आणि नळाच्या पाण्याने केलेल्या शेवटच्या विसळण्याकडे. जखम काही आठवड्यांनी फुटते, तोवर दोष कुणाचा हे शोधायची इच्छाही उरलेली नसते. लॅप्रोस्कोपीची जी उपकरणं वाफ सोसतात ती वाफेतच जायला हवीत.

ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) आणि प्लाझ्मा (हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारं मशिन), म्हणजे उष्णता न सोसणाऱ्या उपकरणांचे मार्ग, रुग्णालयात दाखवा, पण त्यांचे नियम जाण्याआधी वर्गात. ईटीओ कर्करोगकारक आणि स्फोटक आहे, हवेत ३ टक्क्यांपासून वर पेटू शकतो. त्याचा गोडसर वास येतो तोवर सुरक्षित पातळी कधीच ओलांडलेली असते, म्हणून ‘वास नाही म्हणजे गळती नाही’ हे वाक्य फळ्यावर लिहून खोडा. सायकलनंतर ५० अंशांना १२ तास किंवा ६० अंशांना ८ तास हवा द्यावी लागते. पीव्हीसीच्या नळ्या गॅस सगळ्यांत जास्त धरून ठेवतात. ‘अर्जंट आहे’ म्हणून मधेच दार उघडणं यात बसत नाही. प्लाझ्मात कापूस, कागद, लिनन चालत नाही, टायवेकचा (प्लास्टिकच्या तंतूंचा) पाऊच लागतो आणि उपकरण आतून-बाहेरून कोरडं हवं. सायकल रद्द होण्याचं नेहमीचं कारण नळीत राहिलेलं पाणी. कॅसेटमधला हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे ५९ टक्क्यांचा असतो. रद्द झालेला लोड उघड्या हातांनी काढला तर कातडी पांढरी पडून भाजते.

ऑर्थोपेडिकच्या व्हेंडरचे सेट हा नव्या अभ्यासक्रमात स्वतंत्र धडा हवा. रात्री नऊला माणूस दोन जड ट्रे आणतो आणि सांगतो, ‘तिकडून ऑटोक्लेव्ह होऊनच आलंय, सकाळी सातची केस आहे.’ तो सेट काल दुसऱ्या रुग्णालयात वापरलेला असतो. घ्यायच्या वेळी यादी लावायची, स्क्रूसकट मोजायचं, फोटो घ्यायचा, उत्पादकाच्या सूचना मागायच्या आणि सिंकपासून सुरुवात करायची. हे सगळं सात तासांत बसतं, तासाभरात नाही. इथे मुलांना तांत्रिक माहितीइतकंच बोलायला शिकवावं लागतं. एकाने सर्जन व्हायचं, एकाने ओटीच्या सिस्टर, एकाने तंत्रज्ञ. ‘सर, लोडचा इंडिकेटर नापास आहे, मी सोडू शकत नाही. दुसरा सेट १४ मिनिटांत वर पाठवतो,’ हे एक वाक्य अठरा वर्षांच्या मुलीला न अडखळता म्हणता आलं पाहिजे. नाही म्हणताना पर्याय देता आला तर समोरचाही ऐकतो. आणि सुपरवायझरकडे कधी न्यायचं, तेही ठरलेलं हवं.

मावश्या आणि मामांची तुकडी जरूर घ्या, मात्र मुलांबरोबर एका वर्गात बसवू नका. पंधरा-वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला व्याख्येपासून शिकवलं तर तो गप्प बसतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. त्यांच्या शिफ्टला धरून दोन-दोन तासांच्या बैठका ठेवा आणि पहिल्या बैठकीत त्यांनाच एक सेट धुऊन-बांधून दाखवायला सांगा. तुम्ही फक्त बघा. त्यांच्या हातात बरंच बरोबर असतं. चूक बहुतेक दोन-तीन जागीच असते : गरम पाणी, झाकणभर एन्झाइम, बंद सांधे. मग अंड्याचा प्रयोग त्यांच्याच हातून करून घ्या. मशिनच्या पडद्यावरचे ‘अबॉर्ट’, ‘एक्झॉस्ट’, ‘ड्राय’, ‘फेल’ असे वीसेक शब्द ओळखीपुरते पाठ करून घ्या आणि कृतीचे तक्ते मराठीत, फोटोंसह लावा. त्यांच्यासाठी पूर्वानुभवाची मान्यता, म्हणजे आरपीएलची वाट शोधा. बढतीला कागद लागतो आणि तो त्यांना कुणी देत नाही.

प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. डोस ०, १ आणि ६ महिन्यांना, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी लिटरला १० युनिटच्या वर आहे का ते बघायचं. वर्षाचा अभ्यासक्रम आहे, सप्टेंबरात सुरुवात केली तर मुलं अर्धवट लसीवर सिंकपाशी उभी राहतील. धुताना कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, पाणी न शोषणारा एप्रन, चेहऱ्यावर शील्ड, बंद बूट. सुई किंवा ब्लेड लागलं तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, लगेच सांगायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. लपवून ठेवणारा मुलगा ओरड्याच्या भीतीने लपवतो, एवढं ध्यानात ठेवा.

कागदोपत्री बाजू. मंजूर अभ्यासक्रम तुम्ही एकट्याने बदलू शकत नाही, पण प्रात्यक्षिकांची यादी, जर्नल आणि अंतर्गत परीक्षा बहुधा तुमच्या हातात असतात. यंदा तिथूनच सुरुवात करा आणि वर्षाअखेरीस त्या जर्नलांसह मंडळाकडे प्रस्ताव पाठवा. त्याआधी राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेची या कामाची सध्याची पात्रता बघा आणि तुमचे धडे तिच्याशी जुळवा. या पात्रतांना मुदत असते, मुदत संपलेली आवृत्ती धरून बसू नका. वाफेच्या निर्जंतुकीकरणाचं आयएसओ १७६६५ हे मानक २०२४ मध्ये नव्याने आलंय, रुग्णालयाच्या फायलीत अजून २००६ चं असेल. आणि केंद्र सरकारच्या जानेवारी २०२० च्या संसर्ग प्रतिबंध मार्गदर्शिकेची एक प्रत वर्गात हाताशी हवी.

निधीतून काय घ्यायचं ते या क्रमाने : दोन खोल सिंक आणि मोजपात्रं, ब्रशांचा पूर्ण संच, दिव्याचं भिंग, लहान अल्ट्रासोनिक, पाऊच सील करायचं मशिन, टाइप ५ चे इंटिग्रेटर आणि लहान इनक्युबेटरसह स्पोअर व्हायली, वजनकाटा, टीडीएस मीटर. जमिनीवर लाल, पिवळा, हिरवा पट्टा चिकटवून घाणीकडून स्वच्छतेकडे एकाच दिशेची वाट आखा आणि मुलांना ती उलट ओलांडू देऊ नका. रुग्णालयांच्या बाद झालेल्या आर्टरी, कात्र्या, लॅप्रोस्कोपीच्या नळ्या फुकट मिळतात, पण धुऊन निर्जंतुक केलेल्याच घ्या. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो तो मोठ्या व्यासाच्या सक्शन नळीत आणि ट्रोकारमध्ये (लॅप्रोस्कोपीत पोटात घालायच्या नळीत) घालून बघायला पुरतो. एवढं घेऊन पैसे उरले तर दुसऱ्या वर्षाच्या इंटिग्रेटर आणि व्हायलींसाठी बाजूला ठेवा. या वस्तू संपतात, त्यांना मुदत असते, आणि दुसऱ्या वर्षी नेमका त्यांनाच निधी मिळत नाही.